‘झाले’ म्हणजे झाले का?

डॉ. अतुल गावंडे यांचे ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक २००९ च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखक शल्यचिकित्सक आहेत. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. त्यामुळे मराठी वाचकाला या नावाबद्दल आपुलकी वाटणे साहजिक आहे. पाचोऱ्यातील आम्हा शिक्षकांमध्ये हे पुस्तक हातोहात फिरले. पुस्तक वाचनीय आहे, आणि त्यातले बरेचसे बरोबरही आहे. तरीही, लेखकाने विमानाच्या कॉकपिटमधून जे ज्ञान आणले त्यातला सोपा अर्धा भाग तेवढा घेतला आणि अवघड अर्धा भाग तिथेच राहिला, असे आमचे मत झाले आहे. नेमका तो अवघड भाग शिक्षकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस दोन कारणांनी चुकतो. एक, त्याला माहीतच नसते. दोन, माहीत असूनही तो ते वेळेवर वापरत नाही. आधुनिक वैद्यकात दुसऱ्या प्रकारच्या चुका वाढल्या आहेत, कारण लक्षात ठेवायच्या गोष्टी फार झाल्या आहेत. अशा चुकांवर वैमानिकांनी एक साधा उपाय फार पूर्वी शोधला : चेकलिस्ट, म्हणजे पडताळणीची छोटी यादी.

या उपायाची जन्मकथा गावंडे रंगवून सांगतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटनजवळच्या राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानाची चाचणी होती. विमान उडाले, वर चढले आणि गोता खाऊन कोसळले. पाचांपैकी दोघे मरण पावले. विमानात कोणताही बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने सुकाणूचे भाग हलू नयेत म्हणून घातलेला अडसर काढायचा राहून गेला होता. वैमानिक नवशिका नव्हता, तर अतिशय अनुभवी होता. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात आणि उतरण्यापूर्वी करायच्या गोष्टींच्या याद्या केल्या. पुढे हेच विमान ‘बी-१७’ म्हणून प्रसिद्ध झाले. यादी हाती आल्यावर या विमानांनी अठरा लाख मैल एकाही अपघाताविना कापले, असे गावंडे लिहितात.

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे क्षणभर थांबायला हवे. अठरा लाख मैलांचे श्रेय यादीचे किती, निवडक आणि कसलेल्या वैमानिकांचे किती, हे या आकड्यावरून कळत नाही. आठवीच्या मुलाने असा निष्कर्ष काढला असता तर ‘नियंत्रित प्रयोग कुठे आहे?’ असे आपण त्याला विचारले असते.

याच विमानाची दुसरी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीही पुस्तकात हवी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी-१७ सुखरूप उतरल्यावर काही वैमानिक फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत, आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चापॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले. चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारीशेजारी होत्या आणि दिसायला सारख्याच होत्या. त्याने चाकांच्या कळीला रबरी चाकाचा आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराचा मुठीसारखा तुकडा बसविला. आता अंधारातही हाताला फरक कळू लागला आणि तो घोटाळा थांबला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा कळी आणि दांडे यांच्या रचनेचा हात किती मोठा आहे हे दिसून आले.

आपल्या प्रयोगशाळेतील थ्री-पिन प्लग पाहा. अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते, त्यामुळे प्लग उलटा बसतच नाही आणि अर्थिंगचा संपर्क सर्वांत आधी होतो. ‘प्लग सरळ लावा’ अशी पाटी भिंतीवर लावावी लागत नाही. जिथे वस्तूची घडण बदलून चूक अशक्य करता येते, तिथे यादी हा दुय्यम उपाय आहे. हा क्रम पुस्तकात ठसत नाही.

आता अवघड अर्ध्या भागाकडे वळू.

१६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट कंपनीचे एक विमान उड्डाण करताच कोसळले. विमानातील १५४ आणि जमिनीवरील दोघे मृत्युमुखी पडले. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप आणि पुढच्या कडेचे स्लॅट बाहेर काढले की पंखाची वक्रता वाढते आणि कमी वेगातही विमानाला वर उचलणारा पुरेसा जोर मिळतो. या विमानाचे फ्लॅप आणि स्लॅट मिटलेलेच होते. ते तपासण्याची ओळ ज्या यादीत होती, ती यादी त्या दिवशी वाचलीच गेली नाही. ऐन वेळी धावपट्टी बदलली, वाटेत एक वळण चुकले, आणि या गडबडीत यादीची वेळ निघून गेली. इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीज मिळत नव्हती, म्हणून तीही गप्प राहिली.

एका वर्षाने, ३१ ऑगस्ट १९८८ रोजी, डॅलस येथे डेल्टा कंपनीचे विमान तसेच पडले आणि १४ जण दगावले. या वेळी मात्र यादी वाचली गेली होती. ‘फ्लॅप?’ असा प्रश्न आला आणि नेहमीचे उत्तरही आले : पंधरा, पंधरा, हिरवा दिवा. ध्वनिमुद्रणात ते ऐकू येते. फ्लॅप मात्र मिटलेले होते.

या दोन अपघातांतला फरक शिक्षकाने नीट पाहावा. पहिल्यात यादी विसरली गेली, आणि त्यावर ‘यादी वाचाच’ हा उपदेश चालेल. दुसऱ्यात यादी वाचूनही अपघात झाला, आणि तिथे तो उपदेश काही कामाचा नाही.

या अपघातांच्या पाठोपाठ अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी रोजच्या उड्डाणातील चेकलिस्टचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९९० मध्ये आला. तो रुक्ष आहे, त्यात एकही नाट्यमय कथा नाही. पण गावंडे यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावा असा आहे. दोघांनी वैमानिकांच्या मागच्या जागेवर बसून प्रवास केला आणि यादी प्रत्यक्षात कशी वाचली जाते ते टिपले.

त्यातला मुख्य मुद्दा समजायला आपल्या हजेरीपटाचे उदाहरण पुरेसे आहे. शिक्षक नाव पुकारतात, मूल ‘हजर’ म्हणते. कॉकपिटमध्येही असेच चालते : एक वैमानिक बाब पुकारतो, दुसरा उत्तर देतो. आता मान खाली घालून हजेरी घेणारे शिक्षक आठवा. मागच्या बाकावरचा मित्र गैरहजर मुलाच्या नावाने ‘हजर’ म्हणून मोकळा होतो. पट पूर्ण भरतो आणि बाक रिकामा राहतो. डॅलसमध्ये हेच घडले, फक्त तिथे कोणी लबाडी केली नव्हती. ज्या ठिकाणी हजारो वेळा हिरवा दिवा पाहिला, तिथे तो असणारच असे मेंदूने धरले. आपला डोळा कॅमेऱ्यासारखा नाही. अपेक्षित असते ते तो लवकर ‘पाहतो’. स्वतः लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेतली चूक आपल्याला चार वेळा वाचून दिसत नाही आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्या मिनिटाला विद्यार्थ्याला दिसते, त्याचे कारण हेच.

म्हणून देगानी आणि वीनर सुचवितात की उत्तर ‘झाले’, ‘तपासले’, ‘ठीक’ असे नसावे. जे दिसते त्याचे प्रत्यक्ष मूल्य उच्चारावे. ‘इंधन?’ – ‘तपासले’ हे उत्तर डोळे मिटून देता येते. काट्यावरचा आकडा सांगायचा तर काट्याकडे पाहावे लागते. शिवाय हात किंवा बोट त्या कळीपर्यंत न्यावे. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने म्हणतात. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात. पाचोरा स्थानकावरून दिवसभर धडाडत जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनात हा संवाद अखंड चालू असतो. फलाटावरच्या आपल्याला तो ऐकू येत नाही, एवढेच.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. चांगल्या पद्धतीत वैमानिक प्रथम सगळ्या कळी आपल्या सवयीच्या क्रमाने लावून घेतात आणि मग यादीने पडताळतात. म्हणजे दाराला दोन कुलपे. पण काही दिवसांनी ‘पुढे यादी आहेच’ या भरवशावर पहिले काम ढिले पडते, आणि ‘पहिले काम झालेच असणार’ या भरवशावर यादी घाईने म्हटली जाते. प्रत्येक कुलूप दुसऱ्याच्या भरवशावर उघडे राहते. एकाला दोन झाल्याने सुरक्षितता दुप्पट होईल हे गणित माणसांच्या बाबतीत चुकते ते असे.

याखेरीज अहवालात यादीच्या घडणीविषयी पुष्कळ आहे. फार लांब यादीचे तुकडे करावेत. सर्वांत महत्त्वाच्या बाबी आधी घ्याव्यात, कारण मध्येच व्यत्यय आला तर शेवट राहून जातो. बाबींचा क्रम कळींच्या मांडणीप्रमाणे असावा, म्हणजे डोळा सरळ फिरतो, उड्या मारत नाही. यादी संपल्याचे मोठ्याने सांगावे. देगानी यांनी पुढे १९९२ मध्ये छपाईवर वेगळे टिपण लिहिले : अक्षराची जाडी, ओळींतील अंतर, मंद प्रकाशात चाळिशीच्या डोळ्यांना काय दिसते. इंग्रजीत सगळी अक्षरे मोठ्या लिपीत छापली तर शब्दांची बाह्याकृती हरवते आणि वाचन मंदावते, असे ते सांगतात. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही. पण शिरोरेषेमुळे शब्दाची वरची कडा सपाट असते आणि ओळख पटते ती तिच्या वर आणि खाली असणाऱ्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि अनुस्वारांवरून. आपल्याकडील सूचनापत्रके छायाप्रतीची छायाप्रत असतात. तिसऱ्या प्रतीत ‘बंद’वरचा ठिपका जातो, चौथ्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ कळेनासे होते. देवनागरीतील सूचना कशा छापाव्यात यावर मराठीत कोणीतरी मनापासून काम करायला हवे.

गावंडे यांना यातले काही माहीत नाही असे मुळीच नव्हे. बोइंगमध्ये याद्या तयार करणारे डॅनियल बूरमन यांना ते जाऊन भेटतात. ‘वाचा आणि करा’ व ‘करा आणि पडताळा’ हे यादीचे दोन प्रकार, पाच ते नऊ बाबींची मर्यादा, थांबण्याची निश्चित जागा, हे सारे त्यांनी सुबोध सांगितले आहे. ते प्रकरण पुस्तकातले सर्वोत्तम आहे. पण त्यांच्या कॉकपिटमध्ये यादी जवळजवळ नेहमी जिंकते. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरविलेल्या विमानाची कथा ते शिस्तीचा विजय म्हणून सांगतात. १५५ जण वाचले, आणि शिस्त होतीच. पण अपघाताच्या अधिकृत चौकशीत निघाले की दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वापरायची ती यादी वीस हजार फुटांहून अधिक उंची गृहीत धरून लिहिलेली होती. पक्षी धडकले तेव्हा विमान सुमारे २८०० फुटांवर होते आणि हाती साडेतीन मिनिटेही नव्हती. वैमानिकांचा यादीचा पहिला भाग तेवढा झाला. पाण्यात उतरताना विमानाची छिद्रे बंद करणारे बटण यादीच्या शेवटी होते; तिथवर कोणी पोचलेच नाही. याला आम्ही यादीचा विजय म्हणणार नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचे विमान १६६ प्रवाशांना घेऊन मुंबईहून जयपूरला निघाले. (ही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली.) इंजिनातून केबिनला दाबाखालची हवा पुरविणारे स्विच सुरू करायचे राहून गेले. विमान चढत गेले तशी केबिनमधील हवा विरळ झाली, ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले, तीसहून अधिक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान परत फिरले, म्हणून निभावले. हे स्विच उड्डाणानंतरच्या यादीत असतात. अशाच प्रकारच्या विमानात १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसमध्ये निभावले नाही. हेलिओस कंपनीच्या त्या विमानात दुरुस्तीनंतर दाब नियंत्रणाची कळ ‘हाताने’ या जागी राहिली होती. ती पकडण्याच्या तीन संधी होत्या, तिन्ही गेल्या. धोक्याचा भोंगा वाजला, पण जमिनीवर वेगळ्याच कारणासाठी वाजणारा भोंगाही तसाच होता, म्हणून वैमानिकांचा गैरसमज झाला आणि पुढे प्राणवायूअभावी शुद्ध हरपली. १२१ जण गेले.

पुस्तकाचा दुसरा आधार आहे वैद्यकातील प्रयोग. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची यादी केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. आकडे थक्क करणारे आहेत. पण पुस्तकानंतरचा इतिहास वाचकाने जोडून घ्यायला हवा. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ही यादी लागू झाली. २०१४ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के झाले होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. यादी वापरल्याचा रुग्णालयांचा स्वतःचा अहवाल मात्र जवळजवळ संपूर्ण होता. हजेरीपट भरलेला, बाकाचे माहीत नाही!

त्याहून जवळचा प्रयोग उत्तर प्रदेशातला. २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणासाठी २८ बाबींची यादी दिली आणि तिथल्या परिचारिकांना आठ महिने सोबत राहून शिकविले. सुरुवातीच्या दोन महिन्यांनी आवश्यक गोष्टी पाळण्याचे प्रमाण त्या केंद्रांत सुमारे ७३ टक्के आणि इतरत्र ४२ टक्के होते; शिकविणारे गेल्यावर ते ६२ टक्क्यांवर उतरले. पण माता आणि अर्भकांच्या मृत्यूंत व गंभीर आजारांत फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि लेखकांत स्वतः गावंडे होते. आपल्या लाडक्या कल्पनेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी लपविला नाही, हे आम्हाला त्यांच्या पुस्तकापेक्षाही मोठे वाटते.

मग आधीचे यश खोटे होते का? तसे नाही. पुस्तकातच एक धागा आहे, पण लेखक त्यावर हवा तेवढा भार देत नाही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पाच बाबींची यादी केली. तिच्याबरोबर त्यांनी परिचारिकांना अधिकार दिला : डॉक्टर एखादी पायरी गाळत असतील तर त्यांना थांबवा. मिशिगन राज्यात ही पद्धत नेताना, जंतुनाशक साबण आणि मोठी आच्छादने खाटेजवळ मिळतील याची जबाबदारी वरिष्ठांवर टाकली. म्हणजे कागदाबरोबर तीन गोष्टी गेल्या : साहित्य, माणूस, आणि ‘थांबा’ म्हणण्याची मुभा. शीर्षक मात्र कागदाचेच.

ही मुभा आपल्याकडे किती असते? प्रयोगशाळा परिचर ‘सर, बर्नरची नळी चिरली आहे’ असे तपासणीला आलेल्या साहेबांसमोर म्हणेल का? निवडणुकीच्या कामाचा अनुभव बहुतेक वाचकांना आहेच. पहाटे उठून, मतदान प्रतिनिधींच्या गलक्यात, किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे आणि मग ‘क्लोज, रिझल्ट, क्लिअर’ करून यंत्र रिकामे करायचे. ‘क्लोज’ दाबल्याशिवाय ‘रिझल्ट’ चालत नाही. इथवर यंत्राची घडण मदत करते. पण ही क्रिया सुरू करायची आठवण यंत्र देत नाही. ती राहून गेली तर खऱ्या मतांत लुटुपुटूची मते मिसळतात, आणि असे झालेल्या यंत्रांचे मतमोजणीत काय करायचे याच्या सूचना निवडणूक आयोगाला काढाव्या लागल्या आहेत. केंद्राध्यक्ष कोणी हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि मतदान अधिकारी त्यांचाच शिपाई असेल, तर ‘साहेब, क्लिअर राहिले’ हे शब्द तोंडातून निघायला किती वेळ लागतो? पोषण आहाराची चव नोंदवही आठवड्याच्या सह्या एकदम करून ‘पूर्ण’ ठेवता येते, हेही आपल्याला ठाऊक आहे. तिथे पणाला लागलेले असते मुलांचे आरोग्य.

पुस्तक अवश्य वाचावे. विद्यार्थ्यांसाठी मात्र आम्ही एक प्रयोग सुचवितो. प्रयोगशाळेच्या टेबलावर साधे विद्युत परिपथ मांडा आणि दहा बाबींची यादी करा : कळ, अमीटरचा काटा, सेलची ध्रुवता, तारांची टोके वगैरे. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. निम्म्या जोड्यांनी प्रत्येक बाबीला ‘ठीक’ असे उत्तर द्यायचे. उरलेल्यांनी दिसेल ते सांगायचे, म्हणजे ‘कळ उघडी’, ‘काटा शून्यावर’, आणि त्याला बोटही लावायचे. मांडणी न बदलता सात फेऱ्या होऊ द्या. आठव्या फेरीआधी कुणाच्या नकळत एक गोष्ट बदला. कोणत्या गटातील किती जोड्यांच्या ते लक्षात आले, आणि लक्षात येऊनही किती जण बोलले नाहीत, हे दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदवा. दुसरा आकडा मिळविण्यासाठी मुलांशी नंतर एकेकट्याने बोलावे लागेल. निकाल आम्हाला कळवावेत.